खालच्या ओळीचे झेंडे

माझ्या ऑर्फा आत्याचं कुणाशी पटलं असं मला आठवत नाही. दूधवाल्याशी भांडण, पास्टरशी भांडण, चर्चमधल्या बायकांशी तर बारमाही. नवरा लग्नानंतर सहा महिन्यांत नदीपलीकडे केंटकीत निघून गेला. बायका म्हणायच्या, बिचारा पोहत गेला, बोटीची वाट बघायलासुद्धा थांबला नाही. हे आत्याच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "पोहत कसला जातोय! मी ढकलला."

ती आमच्या हॅनाज फोर्ड गावातल्या मर्सर हाऊस हॉटेलात स्वयंपाकीण होती. गावातल्या झाडून सगळ्या गोऱ्या पुढाऱ्यांच्या पोटात रोज दुपारी तिच्या हातचं अन्न जायचं. बँकवाला, डॉक्टर, गावचा पेपर छापणारा पेपरवाला, सगळे तिच्या बिस्किटांवर बोटं चाटत आणि ती मुदपाकखान्याच्या दारातून त्यांच्याकडे बघत उभी असे. आम्ही काळी माणसं, त्यामुळे त्या जेवणघरात खुर्चीवर बसून खायची तिला परवानगी नव्हती. "बरंच आहे," ती म्हणायची, "यांच्यासोबत बसले असते तर घास घशाखाली उतरला नसता."

मी तिच्या भावाची मुलगी. आई-वडील लवकर गेले, मग आत्या आणि आजी यांनीच मला वाढवलं. वाढवलं म्हणजे आजीनं भरवलं आणि आत्यानं बदडलं. एकोणीसशे सत्तावन्न साली मी चोवीस वर्षांची होते, लाँड्रीत इस्त्री करत होते, आणि तरीही आत्या मला "ए भवाने" अशीच हाक मारत असे. त्या साली जे झालं ते गावात आजही सांगतात, पण खोटं सांगतात. म्हणून मी सांगते.

आजीचे वडील, लेव्हाय डॅबनी, गुलामी मोडणाऱ्या यादवी युद्धात लढले होते. सत्ताविसावी पलटण, सगळी काळ्या माणसांची. पीटर्सबर्गला सुरुंगानं पडलेल्या खड्ड्यातल्या लढाईतून ते जिवंत बाहेर आले ते एक कान घालवून. त्यांची कबर आमच्या गावच्या टेकडीवरच्या स्मशानभूमीत आहे. फाटक वर, रस्त्यालगत. तिथून जमीन उतरत उतरत ओढ्यापर्यंत जाते, आणि अगदी शेवटी, जिथं पाऊस पडला की पाणी साचतं, तिथं आमच्या आठ सैनिकांची ओळ. गावात तिला 'खालची ओळ' म्हणतात.

आमच्याकडे डेकोरेशन डेची, म्हणजे मे अखेरीस सैनिकांच्या कबरी सजवायच्या दिवसाची, एक रीत आहे. प्रत्येक सैनिकाच्या दगडाशेजारी लोखंडी तारा रोवलेला असतो, त्याच्या पाठीला झेंड्याची काठी खोचायला नळी. मिरवणूक कबरीपाशी थांबली की अध्यक्ष काठी हातात धरतो, मेलेल्याचं नाव आणि पलटण पुकारतो. घरचं जे कोणी असेल ते पुढे होऊन म्हणतं, "हजर!" मग बिगूल वाजतो, लोक टोप्या काढतात, आणि काठी नळीत बसते. हातात काठी असल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हा नियम. झेंडा नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर कुणाला हजर म्हणता येत नाही.

लढलेले म्हातारे जिवंत होते तोवर मिरवणूक खालपर्यंत यायची. ते म्हातारे काही देवमाणसं नव्हते. आजी सांगायची की त्यांतले दोघे-तिघे तिच्या वडलांशी दुकानात बोलतही नसत. पण त्या एका दिवशी काठी टेकत ओढ्यापर्यंत उतरायचे आणि "लेव्हाय डॅबनी" अशी खणखणीत हाक मारायचे. मग ते एकेक करून मेले, आणि त्यांच्या नातवंडांनी स्मृती मंडळ काढलं. तेव्हापासून झेंडे कमी पडायला लागले. झेंडे जिल्ह्याकडून येत आणि दरवर्षी थोडे कमीच येत. सुरुवात फाटकापासून, म्हणजे ते कमी पडत ते कुठं? खालच्या ओळीपाशी. "यंदा जरा कमी आले, पुढच्या वर्षी नक्की," असं मंडळ दरवर्षी म्हणायचं. वीस वर्षं आम्ही ही बोलाचीच कढी प्यायलो.

मंडळाचा अध्यक्ष अल्डन प्रॉब्स्ट. त्याचं खिळे-हातोड्यांचं मोठं दुकान होतं. त्याचे आजोबा कॅप्टन प्रॉब्स्ट, फाटकाशी त्यांचा सगळ्यात उंच दगड, पहिला झेंडा त्यांचा. अल्डन स्वतः कुठल्याच लढाईला गेला नव्हता, पायांचे तळवे सपाट आहेत म्हणून सैन्यानं त्याला परत पाठवला होता. त्या सपाट तळव्यांनी तो दरवर्षी मिरवणुकीच्या पुढे ताठ चालायचा.

त्या हिवाळ्यात डॉक्टरनं सांगितलं की आजीचं काळीज थकलंय, पुढचा हिवाळा तिला दिसायचा नाही. आजी एकोणऐंशी वर्षांची. डोळ्यांत मोतीबिंदू, कानानं अर्धी बहिरी. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि एकच मागणं केलं.

"बाबांचं नाव एकदा पुकारलेलं ऐकायचंय," ती म्हणाली. "मला हजर म्हणायचंय. माझ्यामागं त्यांना बघितलेलं कोण उरणार आहे?"

पास्टर टिल्मन भला माणूस होता, पण त्याला भांडणाची भीती वाटायची. तो म्हणाला, "बेउलाताई, आपण चर्चतर्फे झेंडे विकत घेऊ. आपला आपण कार्यक्रम करू. कशाला त्यांच्या तोंडाला लागायचं?"

आजी म्हणाली, "झेंडा मी घरी शिवून लावलाय की इतकी वर्षं. हाक गावानं मारायला पाहिजे. मी काय घरात बसून माझी मलाच हाका मारू?"

एप्रिलमध्ये आत्या प्रॉब्स्टच्या दुकानात गेली. मी सोबत होते, म्हणून सांगते, ती पहिल्यांदा आणि शेवटची नरमाईनं बोलली. मला तर वाटलं तिला ताप आलाय.

"साहेब, यंदा तेवढं एक वर्ष खालून सुरुवात करा."

प्रॉब्स्ट तराजूत खिळे टाकत होता. "ऑर्फा, पहिला झेंडा कॅप्टनचा. ही प्रथा आहे. प्रथा मोडली तर मागं राहतं काय?"

"तुमच्या आजोबांच्या वेळी प्रथा ओढ्यापर्यंत येत होती, साहेब."

"मी का मुद्दाम करतो? जिल्हा देतो तेवढेच झेंडे. पुढच्या वर्षी नक्की बघतो."

"माझ्या आईला पुढचं वर्ष नाही."

त्यानं मान वर केली. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "बेउलाला माझा नमस्कार सांग," तो म्हणाला. "लहानपणी तिनंच मला सांभाळलं. चालायला शिकवलं ते तिनं." आणि परत खिळे टाकायला लागला.

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "आईनं शिकवलं तर हा इतका वाकडा कसा चालतो?" मग घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. आत्या गप्प बसली की आम्ही घाबरायचो.

डेकोरेशन डेला सकाळी मिरवणुकीआधी मंडळाची न्याहारी मर्सर हाऊसमध्ये असायची. त्या वर्षी आत्यानं असा बेत केला की मेजाचे पाय वाकले. हॅम, बिस्किटं, रस्सा, अंडी, आणि वर साखर भुरभुरलेला पीच फळं घालून भाजलेला गरमागरम कॉब्लर. एकेकाच्या ताटात ती आग्रह करकरून वाढत होती. मग तिनं हात एप्रनला पुसत प्रॉब्स्टला गोड आवाजात विचारलं, "साहेब, आजचं भाषण इथंच एकदा म्हणून बघा ना. सराव होईल. आम्हा मुदपाकखान्यातल्यांना एरवी कुठं ऐकायला मिळतं?"

प्रॉब्स्टचं भाषण किती लांबतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बँकवाल्यानं डोळे मिटून घेतले. प्रॉब्स्ट उभा राहिला, घसा खाकरला, आणि आत्या मला घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली.

झेंड्यांची पेटी फाटकाजवळच्या अवजारांच्या खोलीत असे. त्या खोलीला कधी कुलूप नव्हतं. मेलेल्यांचे झेंडे कोण चोरणार? आम्ही पेटी ओढत खाली नेली. पास्टरच्या गाडीतून आम्ही आजीला आधीच खाली आणून ठेवलं होतं, लेव्हाय पणजोबांच्या दगडापाशी, घरच्या लाकडी खुर्चीत. पास्टर गाडीतच बसून राहिला. "मी काहीही बघितलेलं नाही," तो काच वर करत म्हणाला.

आत्यानं पहिला झेंडा पणजोबांच्या ताऱ्यात खोचला. आजीनं मान तिरकी केली.

"नाव नाही घेतलंस?"

"नाव मंडळ घेईल, आई."

"मंडळ इथं येईल?"

"येईल. झक मारत येईल."

आम्ही खालची ओळ संपवली आणि वर चढत गेलो. आत्या काठ्या खोचत होती, मी पेटी ओढत होते. ओढ्याजवळचे गरीब आयरिश, मग शेतकरी, मग कारखान्यातले, मग वकील-डॉक्टर. ऊन चढत होतं. आत्याला दम लागला होता, पण तिनं एकही दगड चुकवला नाही. मधेच मी विचारलं, "आत्या, ते येऊन उपटतील की."

"उपटू देत. सगळ्या गावादेखत उपटू देत. एकदा बघू दे गावाला स्वतःचं थोबाड."

"आणि आजी? ती समोर बसलीय."

आत्याचा हात थांबला. तिनं खाली, ओढ्याकडे बघितलं. तिथून आजीची फक्त पांढरी टोपी दिसत होती. भांडण कसं पेटवायचं याचा तिनं महिनाभर विचार केला होता. पण ज्या म्हातारीसाठी भांडायचं तिच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाचा झेंडा उपटला जाणार, हे तिच्या टाळक्यात तोवर आलं नव्हतं. मला तेव्हा तिचा संताप आला. भांडायला मिळालं की तिला पुढचं-मागचं काही दिसत नसे.

"आता परत फिरता येत नाही," ती म्हणाली, आणि पुढचा झेंडा घेतला.

झेंडे संपले तेव्हा फाटकाजवळची एकच ओळ उरली होती. बँकवाल्याचे आजोबा, जुना महापौर, आणि कॅप्टन प्रॉब्स्ट. त्या उंच दगडाशेजारचा तारा रिकामा. आत्यानं रिकामी पेटी बरोबर त्याच्यासमोर ठेवली आणि एप्रन सारखा करून उभी राहिली.

मिरवणूक आली. बँड, शाळेच्या मुली, गावातली बहुतेक सगळी माणसं. प्रॉब्स्ट कॅप्टनच्या दगडापाशी येऊन थांबला, सवयीनं त्यानं उजवा हात मागं केला, कोणीतरी त्यात झेंडा ठेवेल म्हणून. हात तसाच राहिला.

"झेंडे कुठं आहेत?"

"लावले, साहेब," आत्या म्हणाली.

"कुणी लावले?"

"मीच. तुम्ही भाषण करत होता, म्हटलं तेवढंच तुमचं काम हलकं करावं."

त्यानं वाकून पेटीत बघितलं. मग कॅप्टनच्या ताऱ्याकडे. त्याच्या मानेवर लाली चढायला लागली. "आणि कॅप्टनचा?"

"यंदा जरा कमी आले हो," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी नक्की."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. प्रॉब्स्टच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चोरटी! तू सरकारी झेंडे चोरलेस!"

"चोरले? एक तरी माझ्या घरात सापडला तर सांगा. सगळे सैनिकांच्या डोक्याशी उभे आहेत. का खालच्या ओळीत कोणी सैनिक नाहीत? दगडांवर काय कोरलंय ते वाचायला खाली यावं लागतं, साहेब. वीस वर्षांत तुम्हाला सवड झाली नाही."

"कॅप्टनच्या कबरीवर झेंडा लागल्याशिवाय आज इथं काही होणार नाही!" प्रॉब्स्ट ओरडला. "मी आणतो. तू जिथं लावलास तिथूनच आणतो." आणि तो तरातरा उताराला लागला. झेंडे तर वाटेत पावलोपावली होते. शेजारच्या ओळीतला काढला असता तरी चाललं असतं. पण तो एकामागून एक सगळे ओलांडत गेला. त्याला खालच्याच ओळीतला हवा होता.

त्याच्या मागं सगळं गाव. बँडवाले, मुली, बिगूल वाजवणारा पोस्टमन विल्बर क्राउस, गळ्यात कॅमेरा आणि वहीवर पेन्सिल टेकवलेला पेपरवाला. धुळीनं माखलेले बूट उतारावरून घसरत होते. आत्या आणि मी त्यांच्या बाजूनं जवळजवळ पळत होतो. काहीही म्हणा, म्हाताऱ्यांनंतर पहिल्यांदाच डेकोरेशन डेची मिरवणूक ओढ्यापर्यंत आली होती.

आजी खुर्चीत बसलेली. इतक्या माणसांची चाहूल लागल्यावर तिनं टोपी सारखी केली आणि हात मांडीवर जुळवले. प्रॉब्स्टचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो सरळ पहिल्या झेंड्यापाशी गेला, पणजोबांच्या, आणि त्यानं काठी मुठीत धरली.

मुठीत धरलेली काठी आजीनं बघितली. चेहरा तिला दिसत नव्हता, पण झेंड्यावरचा हात दिसला. अध्यक्ष काठी धरतो ती कशासाठी, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. खुर्चीच्या हातावर भार देत ती उठून उभी राहिली.

"मोठ्यानं घे रे नाव," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही नीट."

प्रॉब्स्टची मूठ काठीवरच होती. त्यानं मान वळवली तेव्हा कुठं त्याला कळलं की समोर कोण उभं आहे. मी आत्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं होतं, ती बोलणारच होती, आणि ती काय बोलणार ते मला माहीत होतं: आई, हा नाव घ्यायला नाही आलेला. मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होते.

"कोण आहे?" आजीनं विचारलं. "अल्डन आहे का? घे ना बाळा नाव. किती उशीर करतोस."

आता काठी उपटायची तर म्हातारीच्या तोंडावर उपटावी लागणार होती, तीसुद्धा सगळ्या गावासमोर, पेपरवाल्याच्या कॅमेऱ्यासमोर. तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती. दयेनं तो थांबला असं ज्यांना मानायचं त्यांनी मानावं. मी नाही मानत. नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं वाकून दगडावरचं वाचलं.

"लेव्हाय डॅबनी," तो पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, "लेव्हाय डॅबनी. सत्ताविसावी पलटण."

"हजर!" आजी म्हणाली.

तिच्यात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. ओढ्यापलीकडे झाडावर बसलेले कावळे उडाले. आणि विल्बर क्राउसनं, ज्यानं वीस वर्षं 'हजर' ऐकलं की बिगूल ओठाला लावला होता, आत्ताही लावला. त्याला नंतर लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, मी काही ठरवलं नव्हतं, ऐकलं आणि वाजवला. बिगूल वाजल्यावर टोप्या निघाल्या. प्रॉब्स्टची पण निघाली, डाव्या हातानं, कारण उजवा अजून काठीवर होता.

बिगूल थांबला. आजीनं चाचपडत प्रॉब्स्टची बाही शोधली आणि त्याच्या हातावर थोपटलं. "देव तुझं भलं करो, लेकरा," ती म्हणाली. "तुला चालायला शिकवल्याचं चीज झालं. आलास की चालत इथवर."

प्रॉब्स्टनं काठी सोडली. तो वळला आणि चढ चढून गेला. बाकीच्या सात जणांची नावं त्यानं घेतली नाहीत. कॅप्टनचा तारा त्या दिवशी रिकामाच राहिला.

इथवर ऐकून माणसं टाळ्या पिटतात. पिटू नका. पुढचं ऐका.

त्या आठवड्याच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. प्रॉब्स्टचा हात काठीवर, आजी उभी, मागं उघड्या डोक्यांची गर्दी. खाली मजकूर असा की स्मृती मंडळाच्या अध्यक्षांनी यंदा मोठ्या मनानं मिरवणूक खालच्या ओळीपर्यंत नेली. आत्याचं नाव कुठंच नव्हतं. हो, हॉटेलात मात्र ते बरोबर लक्षात ठेवलं गेलं. मालकानं तिला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं. लोक दुकानात जाऊन प्रॉब्स्टशी हात मिळवायचे. पहिले काही दिवस तो ओशाळा व्हायचा, मग होईनासा झाला. जुलैपर्यंत तर तो स्वतःच सांगायला लागला की मी ठरवलं होतं, यंदा खाली जायचंच.

आणि आजी! ती तर दारावर येणाऱ्या प्रत्येकाला बसवून घ्यायची. "अल्डन आला हो. एवढा मोठा माणूस, पण आला. माझ्या बाबांचं नाव घेतलं. मी म्हणत होते ना, त्या घरात चांगलं रक्त आहे." पेपरचं ते पान ती मला रोज वाचायला लावायची. मी वाचत असताना आत्या परसात जाऊन लाकडं फोडायची. भर उन्हाळ्यात. सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे तीन हिवाळे पुरतील एवढा सरपणाचा ढीग झाला होता.

"सांगून टाक ना तिला," एकदा मी म्हटलं. मला स्वतःलाच ते सोसत नव्हतं.

आत्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "काय सांगू? की तू हजर म्हणालीस ते चोराला म्हणालीस? तुला काय वाटतं, जीभ नाही माझ्या तोंडात?" तिचे डोळे लाल झाले होते. "तिनं आयुष्यभरात एक गोष्ट मागितली. ती तिला मिळाली. कशी मिळाली ते तिला कळायचं कारण नाही. आणि तू जर तोंड उघडलंस ना भवाने, तर हीच कुऱ्हाड आहे."

पास्टर टिल्मननं एका रविवारी प्रार्थनेत प्रॉब्स्टसाहेबांचे आभार मानले. आत्या उठली, चर्चच्या मधोमध चालत दारापर्यंत गेली, आणि दार तिनं असं आपटलं की कंदील हलला. बायका म्हणाल्या, बघा, चांगलं झालं तरी हिला पोटदुखी. आत्यानं तेसुद्धा ऐकून घेतलं. जन्मभर जिच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही ती बाई सबंध उन्हाळा मूग गिळून बसली. मला ती इतकी कधीच आवडली नव्हती आणि हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं कानाखाली वाजवली असती.

सप्टेंबरच्या अखेरीस आजी झोपेतच गेली. तिला वडलांशेजारी, खालच्या ओळीच्या कडेला जागा होती. पुरायला आमची सगळी माणसं आली. थोडी गोरीही आली, विल्बर क्राउस, पेपरवाला. आणि काळा कोट घालून, पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ घेऊन, अल्डन प्रॉब्स्ट.

पास्टरनं प्रार्थना संपवली आणि विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत का? प्रॉब्स्ट पुढे झाला. त्यानं फुलं मातीच्या ढिगावर ठेवली. "बेउलानं मला लहानपणी सांभाळलं," तो म्हणाला. "त्या मे महिन्यात, मी जेव्हा इथं खाली तिच्या वडलांना मान द्यायला आलो..."

"अल्डन," आत्या म्हणाली.

आम्ही सगळे दचकलो. तिनं त्याला आजवर साहेब सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"कशाला आला होतास तू त्या दिवशी?"

"ऑर्फा, ही काय वेळ..."

"हीच वेळ आहे. आता ती ऐकत नाही. सांग, कशाला आला होतास?"

त्यानं शवपेटीकडे बघितलं. मग आमच्याकडे, मग पेपरवाल्याकडे. पेपरवाला बुटांकडे बघत होता.

"झेंडा न्यायला," तो शेवटी म्हणाला.

"उपटून?"

"हो."

"ते सगळ्या गावाला ठाऊक आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तो चढलेला नसताना ऐकायची आम्हाला सवय नव्हती. "विल्बरला ठाऊक आहे, या पेपरवाल्याला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या आईला. तिच्यासाठी मी तुला सबंध उन्हाळा चांगला माणूस राहू दिलं. ती गेली. आता उचल ती फुलं आणि चालता हो."

प्रॉब्स्टनं वाकून फुलं उचलली. चढावर त्याचा पाय एकदा घसरला, पण हात द्यायला कोणी गेलं नाही. आत्यानं तिकडे बघितलंही नाही. तिनं खड्डा खणणाऱ्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि माती लोटायला लागली.